मोबाईलवर वेळ दिसते, तरी लोक मनगटी घड्याळ का घेतात? आणि अमुकच का निवडतात?

सांगलीत गणपती पेठेजवळ आमचं घड्याळांचं दुकान आहे. वडील दुरुस्तीच्या टेबलावर बसायचे, मी पुढे विक्री वाढवली. म्हणजे हे उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूचं.

ट्रेमधली आमची सगळी घड्याळं बंद असतात. सेल उतरू नये म्हणून चावी बाहेर ओढून तिच्याखाली प्लॅस्टिकची चकती अडकवलेली असते, काटे दहा-दहावर. गिऱ्हाईक आधी घड्याळ उलटं करून किमतीची चिठ्ठी बघतं. मग ते बंद घड्याळ मनगटावर ठेवून हात लांब करतं आणि सोबत आलेल्याला विचारतं, "कसं दिसतंय?" वेळ बरोबर दाखवतं का, हे मला कोणी विचारलेलं आठवत नाही. विचारलं तर आमचीच पंचाईत. 500 रुपयांच्या सेलवरच्या घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि महिन्याला 15-20 सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. लाखाचं चावीचं स्विस घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद इकडेतिकडे झालं तरी उत्तम समजतात. वरचे 99,500 कशाचे, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

खरोखर कामासाठी घड्याळ घेणारे दोनच प्रकार मी बघतो. एक, मिरजेच्या हॉस्पिटलातल्या नर्स. पांढरी डायल, मोठे आकडे आणि ठळक सेकंद काटा, कारण नाडी मोजायची असते. नक्षीकाम दाखवायला गेलो की दोन मिनिटांत उठून जातात. दुसरी, पोलीस भरतीची पोरं. त्यांना 1600 मीटरचं टायमिंग लावायला स्टॉपवॉच आणि पहाटे अंधारात दिसायला लाईट पाहिजे. काळं डिजिटल घेतात, घासाघीस करतात, खूश होऊन जातात. (स्मार्टवॉचवाल्यांबद्दल मी बोलत नाही. ते माझ्याकडे फक्त तुटलेला पट्टा घेऊन येतात.)

लग्नसराईची तऱ्हा निराळी. जावयासाठी घड्याळ घ्यायला सासरे येतात आणि घड्याळाच्या आधी खोकं हातात घेऊन वजन बघतात. सोनेरी पाहिजे, लांबून दिसलं पाहिजे, मांडवात हातात देताना खोकं भारी वाटलं पाहिजे. जावयाचं मनगट केवढं, हे त्या बैठकीत कोणी काढत नाही. दोन-तीन वर्षांनी तेच घड्याळ बंद पडून माझ्याकडे येतं. मागचं झाकण उघडावं तर सेल गळून आत हिरवट थर धरलेला, आणि पट्ट्यावर एक ओरखडा नाही. वापरलंच नव्हतं!

पूर्वी माणूस घड्याळ आयुष्यात एकदाच घ्यायचा. एच.एम.टी.नं 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं करायला घेतली, आणि आमच्याकडच्या मास्तर, कारकून, सोसायटीचे सेक्रेटरी अशांच्या मनगटावर तिचं 'जनता' नावाचं चावीचं घड्याळ आलं. 1984 साली टायटन कंपनी निघाली. नंतर तिची होसूरची क्वार्ट्‌झ घड्याळं बाजारात आली, तसं चावी देणं संपलं आणि घड्याळ भेट द्यायची वस्तू झाली. पण त्या पहिल्या घड्याळांनी लोकांच्या डोळ्यात जे बसवलं, ते अजून गेलेलं नाही असं माझं मत आहे.

परवाचंच सांगतो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार वडिलांचं 'जनता' घेऊन आले. वडील गेले, घड्याळ कपाटात होतं. मशीन खोललं, तेलपाणी केलं, वरची पिवळी पडलेली काच बदलली. चालू करून कानाशी धरायला दिलं. त्यांनी धरलं, जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मालक, रोजच्याला हे नको. बेदाण्याच्या सौद्याला जाताना चावी कोण देत बसणार? दुसरं दाखवा."

मी ट्रे काढला. निळी डायल नको, लई भपका. चौकोनी नको. तारीखवालं नको, दिवसात गोंधळ होतो म्हणे. स्टीलचा पट्टा नको, केसं ओढतो. नवव्या घड्याळावर थांबले. गोल, पांढरी डायल, काळे इंग्रजी आकडे, तपकिरी चामड्याचा पट्टा. काउंटरवर शेजारीच त्यांच्या वडिलांचं 'जनता' टिकटिकत होतं आणि त्याच्यावरही तोच थाट. मी दोन्हींकडे बघितलं, पण बोललो नाही.

ते म्हणाले, "हे द्या. जरा वेगळं वाटतंय."