‘कर्बोदक’ या शब्दात उदक कशासाठी?

विचारणा अशी आहे की, ‘कर्बोदक’ या शब्दात उदक कोठून आले आणि ‘पिष्टमय पदार्थ’ हा शब्द त्याचा समानार्थी मानावा काय.

कर्ब आणि उदक यांच्या संधीतून झालेला ‘कर्बोदक’ हा शब्द ‘कार्बोहायड्रेट’मधील घटकांना मराठी प्रतिशब्द योजून घडवलेला आहे. त्यातील ‘कर्ब’ शाळेच्या पुस्तकांत मागे पडून ‘कार्बन’ रुळला असला, तरी माती परीक्षणाच्या अहवालातला ‘सेंद्रिय कर्ब’ शेतकऱ्यांच्या बोलण्यात आजही आहे. उदकाचे कारण असे की, साखरांचे पृथक्करण केल्यावर त्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचे प्रमाण पाण्यातल्याप्रमाणेच दोनास एक आढळले. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, म्हणजे हिशेबाने ६ कर्ब आणि ६ पाणी. उसाच्या साखरेत १२ कर्ब आणि ११ पाणी.

हिशेब बरोबर आहे, पण रेणूची रचना तशी नाही. साखरेवर संहत सल्फ्युरिक आम्ल ओतले की ती आधी पिवळसर, मग तपकिरी होत काळी पडते, वाफ सुटू लागते आणि सच्छिद्र कोळसा फुगून भांड्याबाहेर येतो; हे पाहणाऱ्याला साखरेत पाणी होतेच असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मोरचूद, म्हणजे निळे कॉपर सल्फेट, तापवल्यावर पांढरा पडतो आणि पाण्याचे थेंब टाकताच पुन्हा निळा होतो, कारण त्याच्या स्फटिकात पाण्याचे रेणू अखंड असतात. कोळशावर कितीही पाणी ओतले तरी त्याची साखर होत नाही. साखरेत हायड्रोजनचे अणू आणि हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एकत्र जोडी) कार्बनच्या साखळीला वेगवेगळे जोडलेले असतात आणि आम्ल ते तोडून त्यांचे पाणी बनवते. शिवाय व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल ‘२ कर्ब, २ पाणी’ या हिशेबात चपखल बसूनही कर्बोदक नाही, आणि डीएनएतील डीऑक्सिरायबोज ही शर्करा त्यात बसत नसूनही कर्बोदकच आहे. तेव्हा हे नाव व्याख्या म्हणून वाचू नये. संज्ञा म्हणून ते उत्तम आहे आणि टिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘पिष्टमय’चे तसे नाही. पिष्ट म्हणजे दळलेले, पीठ. रसायनशास्त्रात पिष्ट म्हणजे स्टार्च. उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळाकाळा डाग पडतो, तो पिष्टामुळे. साखरेवर असा डाग पडत नाही आणि कापसातील सेल्युलोज ग्लुकोजच्याच रेणूंचे बनलेले असूनही पिष्ट नव्हे. कर्बोदके मात्र ही सगळीच आहेत. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) पाण्याच्या साहाय्याने पिष्टाची साखळी तोडून तिची माल्टोज ही शर्करा करते. या क्रियेला जलापघटन म्हणतात, आणि येथे मात्र पाणी खरोखरच खर्ची पडते: प्रत्येक बंध तुटताना पाण्याचा एक रेणू दोन तुकड्यांत वाटला जातो. हे वर्णन करताना मूळ पदार्थ आणि त्यापासून झालेली शर्करा या दोहोंना ‘पिष्टमय’ म्हटले तर नेमके काय बदलले तेच सांगता येत नाही. म्हणून संपूर्ण वर्गासाठी ‘कर्बोदके’ लिहावे आणि ‘पिष्टमय’ हे विशेषण भात, बटाटा, साबुदाणा अशा पिष्टाने भरलेल्या अन्नासाठी ठेवावे.