उलटी अक्षरं दिसली म्हणून ब्रोकेज होत नाही

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. दोन रुपयांचं जुनं अकरा कोनांचं नाणं, सिंहांच्या बाजूला ‘राष्ट्रीय एकात्मता’ आरशातल्यासारखं उलटं आणि आत दबलेलं, आणि विकणारा म्हणतोय ‘टाकसाळीची चूक आहे, ब्रोकेज (आधीच्या नाण्याचा उलटा ठसा) आहे, सहा हजार’. याचं सख्खं भावंड माझ्या डब्यात पडलंय. मी साडेचार हजार मोजले होते. पैसे दिले नसतील तर आधी थांबा.

(मी तज्ज्ञ नाही, फोटोवरून छातीठोकपणे काही सांगणार नाही. वीसेक वर्षं नाणी जमवतोय, तेवढ्यावर बोलतोय.)

तुम्ही एकाच बाजूचा फोटो टाकलाय. विकणाऱ्याने तेवढाच दिला असणार. मलाही तसाच दिला होता आणि मी खुळ्यासारखा ती उलटी अक्षरंच भिंगातून बघत बसलो. छापा बघून घेतलं, काटा बघितलाच नाही.

ब्रोकेज होतं कसं, ते आठवा. शिक्का बसलेलं नाणं बाहेर न पडता एका डायला (शिक्का मारणाऱ्या साच्याला) चिकटून राहतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या एका अंगाला खरी डाय आणि दुसऱ्या अंगाला ते चिकटलेलं नाणं. म्हणून दोन्ही बाजूंना एकच चित्र येतं, एकीकडे सरळ नि उठावदार, दुसरीकडे तेच उलटं नि खोल. ‘राष्ट्रीय एकात्मता’ असते नकाशाच्या बाजूला. तुमच्याकडे ती बाजू उलटी उमटली असेल, तर मागे सरळ नकाशा हवा आणि सिंह कुठेच नकोत. उलट्या अक्षरांखाली चेपलेले सिंह दिसतायत का? मला तुमच्या फोटोत दिसतायत. आधीच शिक्का बसलेलं नाणं पुन्हा डायखाली गेलं तर जुनं चित्र थोडं उरू शकतं, हे मान्य. पण सहा हजाराला गल्लोगल्ली मिळण्याइतकं ते सोपं नाही.

माझं नाणं असं झालं होतं: दोन चांगली नाणी एकमेकांवर ठेवून वाइसमध्ये (वस्तू घट्ट पकडणाऱ्या लोखंडी शिकंज्यात) आवळलेली, बाहेरून चामड्याचे तुकडे लावून. वजन केलं तर बरोबर 6 ग्रॅम! मी खूश. अहो, आवळल्याने वजन कशाला कमी होईल? तासलेलं किंवा अ‍ॅसिडमध्ये बुडवून बारीक केलेलं नाणं वजनात पकडलं जातं, हे नाही.

आता खरं दुखणं. खात्री करावी म्हणून मी ते एका तपासणी करणाऱ्या संस्थेकडे पाठवलं. नाव घेत नाही. फी आधी. तीन महिने नुसते फोन. मग नाणं परत आलं, सोबत एक चिठ्ठी: ‘प्रमाणित करता येत नाही.’ कारण? नाही. विचारलं तर ‘कारण देण्याची पद्धत नाही’. ‘मागची बाजू चेपली आहे’ एवढे चार शब्द लिहिले असते तरी मी शहाणा झालो असतो. मला वाटलं, यांनाच कळत नाही! आणि त्याच विकणाऱ्याकडून आणखी दोन घेतली. पहिल्या साडेचार हजारांचं मला फारसं वाईट वाटत नाही, या दोघांचं वाटतं.

पुढे एका प्रदर्शनात एका वयस्कर काकांना दाखवलं. त्यांनी अक्षरांकडे पाहिलंही नाही. नाणं उलटं केलं, उजेडात तिरपं धरलं आणि म्हणाले, ‘झेंडा बघ.’ नकाशातला झेंडा सपाट, चकचकीत. चामडं लावलं तरी उंच भाग चेपायचा तो चेपलाच होता.

तेव्हापासून गंमत जिकडे असेल तिच्या विरुद्ध जागा मी आधी बघतो. कड कापल्यासारखी असेल तर बरोबर समोरची कड बघा. चकती आधीपासून अपुरी असेल तर शिक्क्याआधी किनार उठवायला कड वळवताना समोर दाब पडत नाही आणि तिथली किनार बहुधा फिकी येते. समोर किनार ठसठशीत असेल तर मला कानस आठवते. दहा रुपयांची मधला भाग नसलेली नाणीही तशीच. नक्षी भोकापर्यंत नीट येऊन थांबत असेल तर मधला भाग नंतर ठोकून काढलाय. तो नसतानाच शिक्का बसला असता तर धातू आत सरकून भोक वेडंवाकडं झालं असतं.

आणि कृपया, वर्षाखाली टाकसाळीची खूण नाही म्हणून कोणी ‘एरर’ विकत असेल तर हसून पुढे जा. चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचं, काहीच नाही म्हणजे कोलकाता. ‘आरबीआय लाखाला घेते’ वाले व्हिडिओ तर बघूही नका. स्वतः रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये या फसवणुकीबद्दल सावध केलंय.

नाणं हातात असेल तर चिंच-मीठ लावू नका, घासू नका. खिडकीशी तिरप्या उजेडात धरून नकाशाच्या बाजूचा फोटो टाका, फ्लॅश नको. विकणारा तो फोटो द्यायला का-कू करत असेल तर मला आणखी काही विचारायची गरज नाही.