मांजरीला उलट्या आणि जुलाब होत असतील तर डॉक्टरकडे केव्हा न्यावे?

तुमची चार वर्षांची मांजरी कालपासून तीनदा ओकली आहे, तिला पातळ शी होत आहे आणि सकाळपासून तिने काही खाल्लेले नाही. घरातील मोठी माणसे मात्र ‘मांजरे ओकतातच’ म्हणून थांबायला सांगतात, तर थांबावे का, असा तुमचा प्रश्न आहे. थांबू नका, आजच न्या. ‘मांजरे ओकतातच’ हे वाक्य ऐकून मी स्वतः दीड दिवस गमावला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे घर साताऱ्यात आहे आणि गौरी-गणपतीला थोरले दीर, म्हणजे अण्णा, आणि त्यांचे सारे कुटुंब आमच्याकडे जमते. गौरीपूजनाच्या रात्री आमची ठकी प्रथम ओकली. आधी पांढरा फेस होता, नंतर पिवळे पित्त. दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या धावपळीत ती पाच वेळा ओकली, तेव्हा मी डॉक्टरांचे नाव काढले. अण्णांचे बालपण गावी, दहा-बारा मांजरांच्या घरात गेलेले; ते म्हणाले, “तिला दोन पाती गवत खाऊ दे, ओकून मोकळी होईल.” मांजरे गवत खातात आणि पोटातला केसांचा गोळा ओकून टाकतात हे खरेच असल्याने, आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात मोठ्यांशी वाद नको म्हणून, मी गप्प बसले. दुपारी तिला चमचाभर पातळ, शेंब मिसळलेली शी झाली, तेव्हा पोट साफ झाले असे ठरवून सगळे निश्चिंत झाले. आतडे अर्धवट अडले असले तरी अशी शी होऊ शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगाखाली पाठीला पोक काढून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. पाण्याच्या वाटीपर्यंत आली, वाटीवर हनुवटी धरून कितीतरी वेळ तशीच राहिली आणि न पिता परत गेली. ते पाहिल्यावर मी कोणालाही न विचारता तिला टोपलीत घातले आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी पोट चाचपण्याआधी तिचे तोंड उघडले आणि खालच्या जबड्याच्या मध्ये बाहेरून अंगठा दाबला, तशी जीभ वर उचलली गेली. जिभेच्या मुळाशी दोरा अडकलेला होता. निर्माल्याच्या परडीतील हाराचा तो दोरा तिने केव्हा गिळला, हे घरातील पंधरा माणसांपैकी एकानेही पाहिले नव्हते. मांजराच्या जिभेवरील काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही. त्याचे एक टोक जिभेला अडकून राहते आणि उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडे त्याला पुढे ढकलू पाहते, दोरा हलत नाही, आणि लेंग्याच्या नाडीवर कापड गोळा व्हावे तसे आतडेच त्याच्यावर गोळा होते. मग तो ताणलेला दोरा आतड्याची भिंत आतून कापू लागतो. त्याच दिवशी पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. आतडे तीन ठिकाणी उघडावे लागले आणि एका जागी भोक पडलेले असल्याने तेवढा तुकडा काढून टाकावा लागला. ठकी वाचली.

त्या खर्चाचा हिशेब अण्णा अजून काढतात आणि गावची मांजरे डॉक्टरांवाचून जगली, असेही सांगतात. माझे त्यांना एकच उत्तर आहे. आजारी मांजर लपून बसते. गावी जी गवताच्या गंजीमागे जाऊन मेली, त्यांच्याविषयी घरात ‘मांजर कुठेतरी निघून गेले’ एवढेच म्हटले गेले. जगलेली तेवढी अण्णांच्या आठवणीत राहिली.

आता तुमच्या मूळ प्रश्नाविषयी. मांजर एकदा ओकले आणि तासाभरात खेळू-खाऊ लागले, तर लक्ष ठेवणे पुरेसे आहे. दिवसात तीन-चारदा ओकणे, प्यायलेले पाणीही न टिकणे, उलटीत किंवा शीमध्ये रक्त, डांबरासारखी काळी शी, अथवा लपून बसणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी न्यावे. चोवीस तास अन्नाला तोंड न लावणे हे एकटे कारणही पुरेसे आहे, कारण मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साचून ते निकामी होऊ लागते. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून मांजराला उपाशी ठेवण्याचा सल्ला मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही. नेताना उलटीचे छायाचित्र आणि ताज्या शीचा नमुना सोबत घ्यावा.

मी पशुवैद्य नाही आणि प्रत्येक उलटीमागे दोरा नसतो. जंत, बदललेले अन्न, अगदी वाटीभर दूधही पुरते, कारण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. मात्र पिल्लू असेल तर वर सांगितलेले चोवीस तासही थांबू नये. त्यांच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते, आणि लस न दिलेल्या पिल्लांना पॅनल्युकोपेनिया हा जीवघेणा विषाणूजन्य आजार असू शकतो. घरातील माणसांची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकते. दोरा तोंडात किंवा शेपटीखाली दिसला तरी ओढू नये, कारण आत तो आतडे कापत असतो. बोका वारंवार शीच्या ट्रेमध्ये बसून कुंथत असेल तर त्याला बद्धकोष्ठता समजू नये. त्याची लघवी अडलेली असू शकते, आणि तेव्हा रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.