पहिल्यांदाच चित्र टांगणार असशील तर

बेळगावातल्या सामूहिक प्रदर्शनात किल्ल्यातलं जैन मंदिर कमल बस्ती आणि गोकाकचा धबधबा हे ठरलेले पाहुणे. दोन धबधबे शेजारी नकोत. लोक चित्र सोडून कुणाचं पाणी जास्त तेच बघतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर ठेव. कड्या फ्रेमच्या वरच्या एक-तृतीयांशावर, तार किंचित सैल, आणि खिळे दोन. एका खिळ्यावरची कमल बस्ती उद्घाटनाच्या टाळ्या थांबायच्या आत कलते. जलरंगाला काच हवीच, पण मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाल. नाहीतर इथल्या पावसाळी दमटपणात कागद काचेला चिकटतो, बुरशी धरते, आणि ढगांत तू न काढलेले ठिपके उगवतात. तैलरंग वरून सुकला तरी आत ओला असतो. वर्तमानपत्रात गुंडाळलास तर आभाळावर बातम्या उलट्या छापून येतील. बटर पेपर वापर.