‘प्रतिकारशक्ती वाढवणारे उपचार’ : इम्युनोथेरपीला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय : वडिलांना तोंडाच्या कॅन्सरसाठी डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवलीय, सोबत जे माहितीपत्रक दिलं त्यात मराठीत "प्रतिकारशक्ती वाढवणारे उपचार" असं छापलंय, ते वाचून घरातली आजी म्हणतेय की मग एवढा खर्च कशाला, गुळवेलीचा काढा आणि च्यवनप्राश सुरू करू. तर हा मराठी शब्दप्रयोग बरोबर आहे का, नसेल तर काय म्हणायचं, आणि आजीला कसं सांगायचं?

आधी एक सांगते, आजीचं काहीच चुकलेलं नाहीये. तिने छापलेलं वाचलं आणि त्याचा जो सरळ मराठी अर्थ होतो तोच काढला. चूक छापणाऱ्याची आहे, आणि ती सुद्धा माझ्या मते नामात कमी आणि क्रियापदात जास्त आहे. ‘प्रतिकारशक्ती’ रुळलेला शब्द आहे, शाळेच्या पुस्तकापासून टीव्हीपर्यंत सगळीकडे तोच, तो आता कोणी बदलू शकणार नाही. घोळ होतो तो ‘वाढवणे’ने.

आपल्याकडे ‘शक्ती’ शब्द आला की त्याच्यामागे ठरलेली क्रियापदं येतात बघा. शक्ती येते, जाते, कमी होते, भरून निघते, वाढते. बाळंतिणीला शक्ती यावी म्हणून डिंकाचे लाडू, तापातून उठलेल्याला शक्तीचं टॉनिक, म्हातारपणी ‘अंगात शक्ती राहिली नाही’. म्हणजे रांजणात पाणी असावं तशी ती अंगात असते, कमी झालं की ओतायचं. प्रतिकारशक्ती हा शब्द बनला आणि ही सगळी क्रियापदं त्याच्या मागे आपोआप आली, कोविडच्या वेळी तर ‘इम्युनिटी वाढवा’ हे एवढं ऐकलं सगळ्यांनी की आता तो रांजण डोक्यातून जाणं अवघड आहे.

मूळ शब्दात पण ही शक्ती नाहीये. लॅटिन ‘इम्युनिस’ म्हणजे ज्याला कर किंवा सरकारी चाकरी माफ आहे असा माणूस, आपल्याकडे सारामाफी असायची तसं काहीसं. रोगाच्या बाबतीत हा शब्द वापरला गेला तो ‘सूट मिळाली’ या अर्थाने, एकदा देवी येऊन गेल्या की त्या माणसाला परत येत नाहीत, त्याला माफी. जपानी शब्द ‘मेनएकी’, तो ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ पण साथीतून सूट असाच होतो. मराठीत आपण सुटीच्या जागी शक्ती आणली. बऱ्याच ठिकाणी ते चालून जातं, पण कॅन्सरच्या या नव्या औषधांपाशी येऊन अडतं, कारण यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी औषधं शक्ती वाढवतच नाहीत.

मग करतात काय? आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यातल्या टी पेशी या बिघडलेल्या पेशी ओळखून मारतात. त्या मोकाट सुटल्या तर आपल्याच अंगाला खातील, म्हणून त्यांना आवरायची सोय पण शरीरानेच केलेली असते. टी पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात, त्यांच्यावर दाब पडला की पेशी थांबते. त्यातलं एक सीटीएलए-४, दुसरं पीडी-१. अमेरिकेत जेम्स ॲलिसन सीटीएलए-४ वर काम करत होते, इतर लोक या प्रथिनाचा उपयोग करून अंगावर उलटलेली टी पेशी शांत कशी करता येईल ते बघत होते तर यांनी उलट विचार केला, की हे प्रथिनच झाकून टाकलं तर पेशी कॅन्सरवर जाईल का, आणि उंदरांमध्ये गाठी खरंच विरघळल्या, १९९६ साली ते छापून आलं. त्यावरून बनलेलं माणसांसाठीचं औषध, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्वचेच्या मेलॅनोमा नावाच्या कॅन्सरसाठी. जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये पीडी-१ सापडलं होतं. दोघांना मिळून २०१८ चं नोबेल.

शब्दांची आवड असणाऱ्यांसाठी एक गोष्ट : पीडी म्हणजे ‘प्रोग्राम्ड डेथ’. पेशी ठरवून कशा मरतात ते शोधत असताना हे जनुक हाताला लागलं म्हणून ते नाव पडलं, पुढे कळलं की त्याचं मुख्य काम मरणाशी नाहीच, आवरण्याशी आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यामुळे कुणी उत्साहात याचं ‘नियोजित मृत्यू प्रथिन’ असं भाषांतर केलं तर कृपा करून वापरू नका, पेशंटच्या हातात तो कागद गेला तर त्याला काय वाटेल.

आता यासाठी मराठी शब्द. इंग्रजीत या औषधांना चेकपॉइंट इनहिबिटर म्हणतात. शब्दाला शब्द ठेवला तर ‘तपासनाका रोधक’. वाचा परत एकदा. नाका, आणि वर रोधक. मराठी माणसाच्या डोळ्यासमोर नाकाबंदी येते, पोलीस उभे आहेत, बॅरिकेड लावलेत, कॅन्सरला अडवलंय. प्रत्यक्षात औषध नाका उठवतंय! अर्थ बरोबर उलटा झाला, आणि प्रत्येक शब्द कोशात बघून तपासलेला असताना झाला.

मला स्वतःला जो शब्द पटतो तो शेतातला आहे. कोळपणीला किंवा उभ्या पिकात पाळी घालताना बैलाच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, आमच्याकडे त्याला मुसकं म्हणतात. लहानपणी मी आजोबांच्या मागे मागे ज्वारीच्या तासातून चालायचे, बैलाच्या नाकासमोर लुसलुशीत हिरवं पीक, जाळीतून त्याची जीभ बाहेर यायची आणि पान नुसतं ओलं करून परत जायची. बैल अशक्त आहे म्हणून मुसकं नसतं, ताकदीचा आहे म्हणूनच असतं, आपल्याच पिकाला तोंड लावू नये म्हणून. टी पेशीचं डिट्टो असंच आहे. आणि कॅन्सरची पेशी करते काय, तर आपल्या अंगावर एक प्रथिन उभं करते, पीडी-एल१, आणि त्याने टी पेशीचं पीडी-१ दाबून धरते, म्हणजे तणाने स्वतःच बैलाला मुसकं बांधलं. बैल शेजारी उभा, ताकद पूर्ण, तोंड बंद. आता अशा बैलाला तुम्ही कितीही पेंड चारली, कितीही गुळाचं पाणी पाजलं तरी तो तण खाणार आहे का? औषध मुसकं सोडतं, एवढंच. म्हणून क्रियापद ‘वाढवणे’ चालणार नाही, ‘सोडणे’ किंवा ‘मोकळं करणे’ पाहिजे.

शहरातल्या लोकांना मुसकं माहीत नसेल तर ‘ब्रेक काढणारं औषध’ म्हणा, तेही चालतं, संशोधक पण ब्रेकचीच उपमा देतात आणि ब्रेक हा शब्द आता मराठीच झालाय. फक्त ब्रेकमध्ये ‘आपलं पीक वाचावं म्हणून’ हे कारण दिसत नाही, मुसक्यात दिसतं. आणि ते कारण फार महत्त्वाचं आहे.

कारण मुसकं सोडलं की बैल तणाबरोबर पिकातही तोंड घालणार. या औषधांचे दुष्परिणाम तसलेच असतात. टी पेशी मोठ्या आतड्यावर गेल्या तर जुलाब, फुप्फुसावर गेल्या तर कोरडा खोकला आणि धाप, थायरॉइडवर गेल्या तर तो कायमचा बिघडू शकतो, कधी लिव्हर, कधी त्वचेवर पुरळ. माझ्या नात्यातल्या एका काकांना चौथ्या डोसनंतर जुलाब लागले, दिवसातून सात-आठ वेळा, आणि घरच्यांनी तीन दिवस डॉक्टरांना फोनच केला नाही, काकू म्हणाल्या "शक्तीचं औषध आहे, उष्ण पडलं असेल, ताक दे". नंतर हॉस्पिटलात गेल्यावर त्यांना स्टेरॉइड दिलं तर अजून गोंधळ, कारण स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते हे सगळ्यांना माहीत, मग एकीकडे वाढवायची आणि दुसरीकडे कमी करायची हा काय प्रकार, डॉक्टर आपल्यावर प्रयोग करतायत का, असं घरात बोलणं सुरू झालं. मी काकूंना मुसक्याचं सांगितलं. "म्हणजे थोडं परत बांधलं म्हणायचं" असं त्या लगेच म्हणाल्या, पुढे काही समजावून सांगावंच लागलं नाही. काका वेळेत सावरले, पण ते तीन दिवस नुसत्या एका क्रियापदापायी गेले असं मला अजून वाटतं.

डोसचं पण तसंच. ‘वाढवणारे’ म्हटलं की वाटतं जितकं जास्त औषध तितकी जास्त शक्ती. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरवर, ज्यात आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने होणारे तोंडाचे कॅन्सर येतात, निवोलुमॅब हे पीडी-१ वरचं औषध अगदी कमी देऊन बघितलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, यांनी दिला दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, म्हणजे दहाव्या हिश्शापेक्षाही कमी, सोबत तोंडाने घ्यायच्या कमी मात्रेतल्या कीमोच्या गोळ्या. नुसत्या गोळ्यांवरच्या पेशंटपैकी १६.३ टक्के वर्षभर जगले होते, हे औषध जोडल्यावर ४३.४ टक्के. मुसक्याची गाठ सोडायला जेवढं लागतं तेवढं मिळालं की बास, त्यावर आणखी ओतून बैल अजून मोकळा होत नाही, असं मला यातून समजतं. तुमच्या वडिलांचा कॅन्सर तोंडाचाच आहे आणि खर्चाचा विषय घरात निघालेला आहे, म्हणून या कमी डोसबद्दल तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा, त्यांच्या केसमध्ये बसतं की नाही ते डॉक्टरच सांगतील.

सगळीच इम्युनोथेरपी मुसकं सोडणारी नसते हेही खरं. कार-टी नावाचा प्रकार वेगळा, त्यात पेशंटच्या रक्तातून टी पेशी बाहेर काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात आणि परत सलाइनसारख्या चढवतात. इथे ‘वाढवणे’ खरं आहे, पण पेशी वाढवतात, शक्ती नाही. यातलं ‘कार’ म्हणजे सी-ए-आर या इंग्रजी अक्षरांचं लघुरूप, त्यातला ‘सी’ म्हणजे कायमेरिक, ग्रीक कथांमधल्या सिंह-बकरी-साप अशा जोड प्राण्यावरून. मराठीत मला यासाठी कोकणातला शब्द सुचतो, कलम. खाली रायवळाचं रोप, वर हापूसची काडी, तसं इथे त्या नव्या जनुकामुळे टी पेशीवर जे प्रथिन उगवतं त्याचा आतला भाग टी पेशीला चेतवणारा आणि बाहेरचा ओळखणारा भाग प्रतिपिंडाचा, म्हणजे अँटीबॉडीचा. कलमी टी पेशी! ऐकायला गोड आहे आणि अर्थाला पक्का आहे. आपल्याकडचं पहिलं कार-टी, नेक्सकार-१९, पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये मिळून घडलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, ते रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, तोंडाच्या नाही. गाठीच्या कॅन्सरमध्ये कलमी पेशींना आत शिरून टिकून राहणं अवघड जातं.

‘लस’ शब्दाचाही असाच गुंता होतोय. जखमेतून पाझरते ती चिकट लस, देवीच्या फोडातली लसच टोचायचे, म्हणून टोचण्याला लस म्हणायला लागले, आणि तेव्हापासून लस म्हणजे आजार व्हायच्या आधी घ्यायची गोष्ट. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मुलींना देतात ती एचपीव्हीची लस या अर्थाने खरीखुरी लस आहे. पण बातम्यांत जी ‘कॅन्सरची लस’ येते, एमआरएनए वाली (म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं याची चिठ्ठी पेशीला देणारी), ती बहुतेक वेळा कॅन्सर झालेल्या माणसाच्याच गाठीतले बदल वाचून त्याच्यासाठीच बनवलेली असते, टी पेशींना ‘हा बघ, याला धर’ असं दाखवून द्यायला. त्याला मी ‘ओळख पटवणारी लस’ म्हणेन, लांबतं थोडं, पण निदान कुणी निरोगी माणूस ‘मला कधी मिळणार’ म्हणून रांगेत उभा राहणार नाही.

अजून एक, ताजं आहे म्हणून. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं ते दुसऱ्या टी पेशींना आवरून धरणाऱ्या टी पेशींच्या शोधासाठी. मराठी बातम्यांत त्यांना ‘नियामक पेशी’ म्हटलं की लगेच वीज नियामक आयोग आठवतो. ‘आवरणाऱ्या पेशी’ म्हटलं तर काय बिघडेल? कॅन्सरची गाठ या आवरणाऱ्या पेशी आपल्याभोवती जमवून ठेवते, त्यांना तिथून कसं हलवायचं यावर काम चाललंय.

तर माहितीपत्रकात काय छापावं : ‘रोगप्रतिकारक पेशींना मोकळं करणारे उपचार’, आणि एरवी बोलताना सरळ इम्युनोथेरपी. लोकांनी रेडिएशनला ‘शेक’ आणि ‘लाइट’ हे शब्द आपले आपण शोधले, कुणी समिती बसवली नव्हती, यालाही सापडेल एखादा. आणि आजीने घरी बैल बघितले असतील तर तिला एवढंच सांगा : बाबांचा बैल दणकट आहे आजी, त्या रोगाने त्याला मुसकं बांधलंय, हे इंजेक्शन ते सोडायला आहे, काढ्याने सुटत नाही. आणि सोडल्यावर तो आपल्या पिकात पण शिरू शकतो, म्हणून जुलाब, धाप, अंगावर पुरळ, काहीही दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, ताकावर थांबायचं नाही. गुळवेल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.