पहिला सर्व्हर घेताय? आधी हे बघा

पंधरा पीसींच्या ऑफिससाठी विंडोज की लिनक्स, हा प्रश्न नंतरचा. आधी कागदावर लिहा, सर्व्हरवर नक्की काय चालणार? टॅली किंवा फक्त विंडोजवर चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर सरळ विंडोज सर्व्हर घ्या. नुसत्या फाइली आणि प्रिंटर शेअर करायचे असतील तर उबुंटू सर्व्हरवर (हा लिनक्सचाच एक प्रकार) सांबा हे शेअरिंगचं सॉफ्टवेअर छान चालतं. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्तीच घ्या, तिला 5 वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात.

नवखे हमखास फसतात ते खर्चात. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, किमान 16 कोअर. शिवाय प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा उपकरणासाठी कॅल, म्हणजे सर्व्हरला जोडण्याचं लायसन्स, वेगळं घ्यावं लागतं. कोटेशनमध्ये ते धरलंय का, विचाराच. मी पहिल्यांदा विचारलं नव्हतं, मग मालकांकडे पुन्हा पैसे मागायला जावं लागलं.

या दोन चुकाही टाळा:
- साध्या विंडोज 11 च्या पीसीलाच सर्व्हर करणं. त्यावर एका वेळी जास्तीत जास्त 20 जोडण्या चालतात.
- ॲडमिनचा पासवर्ड सगळ्यांना देणं.

व्हर्च्युअलायझेशन (एकाच मशीनवर अनेक आभासी सर्व्हर चालवणं) वगैरे सध्या राहू द्या. पहिल्याच आठवड्यात बॅकअप लावा आणि त्यातली एखादी फाइल परत आणून बघा. जमेल तुम्हाला, अडलात तर विचारा.