नोकरी सांभाळून मित्रांबरोबर ऑर्केस्ट्रा काढतोय. सुपाऱ्या कशा मिळवायच्या, किती पैसे सांगायचे, आठवड्यातून दोन तालमी पुरतील का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. चौथी विचारायला हवी होती, ती म्हणजे कार्यक्रमात वाद्य जळालं तर पैसे कोण भरणार. मी चौदा वर्षं सांगलीकडच्या एका हौशी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड. नऊ जण होतो. त्यातल्या तिघांशी मी आज बोलत नाही, आणि त्याचं कारण हा चौथा प्रश्न आहे.

आधी सुपारीचं सांगतो, कारण ते सोपं आहे. रील टाकून सुपारी मिळत नाही. रील बघून तुमचेच नातेवाईक अंगठा दाखवतात. गावातल्या मंडळाच्या अध्यक्षाला जूनमध्ये ऑर्केस्ट्रा आठवत नाही, त्याला मंडप आठवतो. तो मंडपवाल्याकडे जातो, मंडपवाला साउंडवाल्याचा नंबर देतो आणि साउंडवाला सांगतो की अमुक पोरं बरी आहेत, वेळेवर येतात, माइक पाडत नाहीत. म्हणून साउंडवाल्याशी वाकडं घेऊ नका. त्याच्या पोरांबरोबर जेवायला बसा. आमच्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या एकाच साउंडवाल्याकडून आल्या, आणि त्याला आम्ही कधी कमिशन दिलं नाही, फक्त केबल गुंडाळायला हात लावायचो. हात लावायचो म्हणजे मीच लावायचो. का, ते पुढे येईल.

मी सूतगिरणीत वायरमन आहे. आयटीआय केलंय. ऑर्केस्ट्रा सुरू झाला तेव्हा आमच्याकडे तालमीला जागा नव्हती, तर कीबोर्डवाल्याच्या मामाची पिठाची गिरणी होती. रात्री नऊला पट्टा थांबला की आम्ही आत. पॅडवर, मिक्सरवर, केसांत पीठ. साउंडच्या मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या, सरकवले की कुरकुर आवाज यायचा आणि मी दर महिन्याला ब्रश घेऊन ते साफ करत बसायचो. रोलँडचा एसपीडी-२० मी जुना घेतला होता, २७ हजारांना, बायकोला १५ सांगून. आठ पॅड असतात त्याला. एकावर हलगी, एकावर डफली, खाली दोनांवर ढोलकीचा ‘धा’ आणि ‘ता’, अशी माझी स्वतःची सेटिंग होती. लावणीची वेगळी, कोळीगीताची वेगळी. ती बसवायला दोन वर्षं गेली. लोकांना वाटतं काठ्या आपटल्या की झालं.

आता त्या रात्रीचं. २०१५चा गणपती, सातवा दिवस, तासगाव तालुक्यातलं एक गाव. १८ हजारांना ठरलं होतं, ५ हजार इसार घेतला होता. सातची वेळ. आम्ही सहाला पोचलो, साउंड चेक केला. आणि मग सत्कार सुरू झाले. तुम्ही अजून गावात वाजवलं नसेल तर सांगतो, सत्कार हा कार्यक्रमाचा मोठा भाग असतो, गाणी मधल्या वेळात. शाल, श्रीफळ, फेटा, मग ज्याचा राहिला त्याचा रुसवा, मग त्याचा सत्कार. आठ वीसला आमच्या हातात स्टेज आलं. त्या दिवशी बारापर्यंतची सूट नव्हती. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमातला मुद्दा आहे. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधराच दिवस बारापर्यंत मोकळीक देता येते, आणि सातवा दिवस त्यात नव्हता. म्हणजे तीन तासांचा कार्यक्रम एक तास चाळीस मिनिटांवर आला.

आठ पन्नासला लाइट गेली. मंडपवाल्याचा जनरेटर सुरू झाला, चेंजओव्हर, म्हणजे लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच, टाकला, सगळं पेटलं. आम्ही परत सुरुवात केली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात समोरचे हॅलोजन एकदम मंदावले, विझत आलेल्या कंदिलासारखे, आणि त्याच वेळी माझ्या मागचा साधा बल्ब पांढराफटक झाला. डोळे दिपले. वायरमनला यापुढचं सांगावं लागत नाही. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, सुटला होता. थ्री फेजमध्ये न्यूट्रल गेला की ज्या फेजवर जास्त भार असतो तिथलं व्होल्टेज बसतं आणि हलक्या फेजवरचं चढतं. हॅलोजन एका फेजवर, आम्ही दुसऱ्या. तीनशे व्होल्टच्या वर नक्की गेलं असणार. मी काठ्या टाकून बोर्डाकडे झेपावलो, तोवर अ‍ॅडप्टरमधून तो वास आला, गोडसर जळका. पॅडचा डिस्प्ले एकदा लाल झाला आणि गेला. साउंडवाल्याचे दोन अ‍ॅम्प गेले. कीबोर्ड वाचला, कारण त्याला स्टॅबिलायझर होता, हाय व्होल्टेज कट असलेला. तो मीच त्याला घ्यायला लावला होता. स्वतःला घेतला नव्हता.

सव्वानऊला साउंडवाल्याने दुसरा अ‍ॅम्प लावला आणि आमच्या गायकाने, जो स्वतःला ऑर्केस्ट्राचा मालक समजायचा, माइकवर सांगितलं, ‘थोड्या तांत्रिक अडचणीनंतर पुन्हा सादर करत आहोत.’ कीबोर्डवाल्याने रिदमची स्टाइल लावली. ढोलकी होतीच. मी स्टेजच्या मागे एका लोखंडी खुर्चीवर पॅड मांडीवर घेऊन बसलो, झाकण उघडून. आणि पुढे वन्स मोअर आला. नाचायच्या गाण्याला, जिथे माझी हलगी असते तिथे. पब्लिकला काही फरक पडला नव्हता. हे मला अजून बोचतं, खोटं कशाला सांगू.

दहाला पोलिसांची गाडी आली, बंद. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही दीड तासच वाजवलंत, आणि वर्गणी यायची आहे अजून. एकूण ११ हजारांवर तोडलं, इसार धरून. गाडीचे २२०० गेले. उरले ८८००. माणसं नऊ, पण भाग दहा, कारण गायकाचे दोन भाग. भागाला ८८० रुपये. माझा पॅड दुरुस्तीला ९४०० लागले. आधी सांगलीत दाखवला, तिथून मुंबईला पाठवला, सव्वादोन महिन्यांनी आला, आणि आला तेव्हा माझी सगळी सेटिंग पुसलेली. वही होती म्हणून निम्मी परत बसवली.

गल्ल्यात त्या वेळी १४ हजार होते. प्रत्येक सुपारीतून थोडे काढून ठेवलेले, सगळ्यांचे. मी म्हणालो यातून दुरुस्ती करा. गिरणीत बैठक झाली, पिठाच्या पोत्यांवर. गायक म्हणाला, ‘ज्याचं वाद्य त्याचं नुकसान. उद्या माझा घसा बसला तर तुम्ही औषधाचे पैसे देणार काय?’ यावर सगळे हसले. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आता सुचतं: घशाचा एक भाग आणि मालकीचा एक भाग असे दोन भाग तू आधीच घेतोस, त्यात औषध येतं. दिवाळीच्या आधी गल्ल्यातून मरून रंगाचे नऊ ब्लेझर शिवले. माझाही शिवला, मापाला मी गेलो नव्हतो तरी. तो खांद्यात आखूड आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे, आणि हे तुमच्या चार मित्रांना वाचून दाखवा. पहिल्या सुपारीच्या आधी कागदावर लिहा की कार्यक्रमात, जाता-येता गाडीत किंवा तालमीत वाद्य बिघडलं तर खर्च गल्ल्यातून. गल्ला रिकामा असेल तर सगळ्यांच्या भागातून समान. भाग सगळ्यांना एकच, गायकालाही. ज्याला जास्त हवा त्याने जास्त काम करावं, म्हणजे सुपारी आणावी, गाडी ठरवावी, अध्यक्षाच्या मागे लागून उरलेले पैसे आणावेत. नुसतं पुढे उभं राहण्याचा जादा भाग नसतो. मैत्रीत कागद कशाला असं जो म्हणतो, त्यालाच पुढे कागद नडणार असतो.

घरचं पण लक्षात घ्या. आपला सीझन म्हणजे गणपती, नवरात्र आणि लग्नसराईतल्या हळदी. गणपतीत घरी गणपती, गौरीला बायको एकटी राबतेय आणि तुम्ही दुसऱ्याच्या गणपतीपुढे वाजवताय. रात्री दोनला घरी, सकाळी सातची पहिली पाळी. सूतगिरणीत मला दोन वेळा मेमो मिळाला तो गणपतीच्याच महिन्यात. आणि ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द सासरकडे वापरू नका. मुंबईकडच्या नातेवाइकांना त्या शब्दापुढे ‘बार’ ऐकू येतो. माझ्या मेहुण्याने सहा महिने तोच समज ठेवला होता. ‘सुगम संगीताचा ग्रुप’ म्हणा, तेवढंच.

गाणारी मुलगी ग्रुपमध्ये असेल तर तिच्याबरोबर तिची आई किंवा भाऊ येणार हे गृहीत धरा. गाडीत एक सीट, स्टेजच्या बाजूला एक खुर्ची, एक ताट. परतताना पहिल्यांदा तिला घरी सोडायचं, रस्ता उलटा पडला तरी. आणि कुणी स्टेजवर चढून तिच्यावर नोटा उधळायला लागला की त्याच क्षणी गाणं थांबवायचं. आमच्या गायकाने दोनदा थांबवलं नाही, दुसऱ्यांदा त्या मुलीने ग्रुप सोडला. बरोबर केलं तिने.

आता एक गोष्ट, जी त्या बैठकीत मी बोललो नव्हतो. माझ्या पिशवीत त्या रात्री व्होल्टेज मोजायचा मीटर होता. पकड होती, स्क्रूड्रायव्हर होता. जनरेटर सुरू झाला तेव्हा मंडपवाल्याचा पोरगा मला म्हणाला होता, ‘दादा, चेंजओव्हर जरा बघता काय एकदा?’ आणि मी म्हणालो, ‘आज मी वायरमन नाही, वादक आहे.’ प्रत्येक कार्यक्रमात मलाच पाठवायचे, प्लग बदल, केबल जोड, फोकस हलतोय बघ. भाग तोच एक. त्या दिवशी गाडीतच दोन भागांवरून माझं नि गायकाचं वाजलं होतं आणि मी मनाशी ठरवलं होतं की आज वायरला हात लावायचा नाही. मीटर लावला असता तर कदाचित व्होल्टेज बरोबरच दाखवलं असतं, ढिला न्यूट्रल भार पडल्यावर सुटतो. पण झाकण उघडलं असतं तर दिसलं असतं. रात्री नंतर मी उघडलं, तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू काळा पडून अर्धा बाहेर आला होता. तो एका रात्रीत तसा होत नाही.

तरी माझं मत बदलत नाही. खर्च गल्ल्यातूनच व्हायला हवा होता. फक्त ‘समान’ म्हणताना माझ्यासारख्याच्या फुकटच्या वायरमनकीचाही हिशोब त्यात धरायला हवा होता, म्हणजे मी त्या पोराला तसं बोललो नसतो. बोललो नसतो असं मला वाटतं तरी.

जनरेटरवर गेलात की वाद्यं लगेच जोडू नका. आधी हॅलोजन, पंखे असा सगळा भार टाका, पाच मिनिटं थांबा, मग मीटर लावा आणि मग प्लग. टेस्टरवर जाऊ नका, टेस्टरचा दिवा २३०लाही पेटतो आणि ४००लाही. हाय कट असलेला स्टॅबिलायझर प्रत्येक वाद्याला. अर्थिंगच्या पिनेला चिकटपट्टी लावून दोन पिनांचं करणारा कुणी ग्रुपमध्ये असेल तर त्याला समजवा. गायकाच्या ओठाला माइकचा झटका बसतो तो तिथूनच.

मानधनाचा आकडा मी सांगणार नाही, सांगली वेगळी, पुणे वेगळं, आणि मी सोडून सहा वर्षं झाली. पण आकडा बोलण्याआधी हे विचारा: गाडी कुणाची, जेवण आहे का आणि ते कार्यक्रमाच्या आधी की नंतर (आधीच घ्या, नंतर रस्सा संपतो), साउंड कुणाचा, जनरेटर आहे का, सत्कार किती. निम्मे पैसे इसार म्हणून घ्या, आम्ही पाच हजारांवर भुललो. उरलेले मध्यंतरात, शेवटच्या गाण्याच्या आधी. शेवटचं गाणं झालं की अध्यक्ष सापडत नाही.

तालमीचं राहिलं. आठवड्यातून दोन पुरतात. सुपारी असेल त्या आठवड्यात तिसरी करा, सगळी गाणी क्रमाने, मध्ये न थांबता, आणि निवेदकालाही बोलवा. तो नसला की गायकाच्या पट्ट्या बदलताना स्टेजवर जे अर्धं मिनिट जातं, ते तिथे तीन मिनिटांएवढं वाटतं.